खांदा, घण आणि कामाची वाटणी

उजव्या खांद्यातील एका कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याला, अर्धवट चीर गेली आहे, असे एमआरआयच्या अहवालात छापून आले तेव्हा घरातील सर्वांनी एक गोष्ट न बोलताच ठरवून टाकली, ती म्हणजे मागच्या अंगणातील भट्टी आता बंद होणार. शेजारच्या काकूंनी तर ऐरण भंगारात काय भावाने जाईल याची चौकशीही केली. भट्टी बंद झाली नाही, आणि ती का झाली नाही यापेक्षा ती कशी चालू राहिली हे सांगण्यासारखे आहे, कारण छंद म्हणून लोहारकाम करणाऱ्या आमच्यासारख्या थोड्या लोकांमध्ये खांदा, कोपर किंवा मनगट धरून बसलेला एक तरी हमखास भेटतो.

दुखापतीची हकीकत दोन ओळींची आहे. दुचाकीसमोर कुत्रे आडवे आले, गाडी घसरली आणि पडताना उजवा हात जमिनीवर टेकला. लोहारकामाशी याचा काहीही संबंध नाही, हे मी भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण समजूतदारपणे मान हलवून ‘पण ते ठोकणेच बाधले असणार’ असे म्हणतो.

खांदा हा उखळीचा सांधा आहे, पण कमरेच्या सांध्याप्रमाणे त्याची उखळ खोल नाही. ती बशीसारखी उथळ असते आणि म्हणूनच हात जवळजवळ सर्व दिशांना फिरू शकतो. या मोकळेपणाची किंमत अशी की दंडाच्या हाडाचे डोके त्या उथळ जागेवर टिकवून धरण्याचे काम हाडांऐवजी स्नायूंना करावे लागते. रोटेटर कफ या नावाने ओळखले जाणारे चार स्नायू हे काम करतात आणि त्यांपैकी सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. माझी चीर तेथे आहे. हात बाजूने वर उचलत गेले की साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान ही कंडरा त्या जागेत दाबली जाते, त्यामुळे खाली दुखत नाही, अगदी वरही फारसे दुखत नाही, मधल्या टप्प्यात मात्र कळ येते. डॉक्टरांनी हात समोर, किंचित बाजूला धरायला लावून, हातातील डबा उपडा करावा तसा अंगठा खाली वळवायला सांगितला आणि वरून हलकेच दाब दिला. त्या क्षणी मला उत्तर कळले. एमआरआय नंतरचा.

आता उभे राहून ऐरणीवर जोराचा घाव घालणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. दंड शरीरापासून दूर जातो, कोपर खांद्याच्या पातळीला येते, हातोडा डोक्याच्या वर जातो आणि तेथून खाली येतो. म्हणजे प्रत्येक घावात हात त्या मधल्या टप्प्यातून दोनदा जातो, एकदा वजन उचलताना आणि एकदा ते वेगाने खाली आणताना. डॉक्टरांनी ‘हे बंद करा’ असे म्हटले नाही. ‘हे असे करू नका’ असे म्हटले, आणि या दोन वाक्यांतील फरकावर माझा पुढचा सगळा उद्योग उभा आहे.

मी एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. भट्टीशी पहिली ओळख पदवीच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत झाली. गोल सळईचा चौरस करणे आणि एस आकाराचा आकडा वळवणे हे दोन जॉब त्या काळी सर्वांनाच करावे लागत आणि बहुतेक मुली ते कार्यशाळेतील मामांकडून करून घेत. मी स्वतः केले, चौरस तिरका झाला, पण लोखंड मऊ होऊन आपण म्हणू तसे वळते हा अनुभव विसरता आला नाही. कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा असा की ओतकामाच्या कारखान्यांमुळे येथे कोक, म्हणजे भट्टीत जाळायचा भाजलेला दगडी कोळसा, मिळतो, जुनी हत्यारे मिळतात आणि लोखंडाविषयी बोलायला माणसे मिळतात. कोक मोठा असला तर फोडून, चाळून घ्यावा लागतो. ते चाळण्याचे काम मात्र सध्या माझ्याकडे नाही.

कार्यशाळेत जे शिकवले जाते त्यात एक गृहीतक दडलेले असते, ते दुखापतीनंतर माझ्या लक्षात आले. एकच माणूस भट्टी सांभाळतो, एका हाताने सांडस धरतो आणि दुसऱ्या हाताने हातोडा मारतो. छंदाच्या लोहारकामाचे चित्रही असेच, एकट्या माणसाचे आहे. खांदा धड असेपर्यंत त्यात काही खटकत नाही. तो बिघडल्यावर मात्र अभियंत्याने विचारायचा पहिला प्रश्न समोर येतो: तापलेल्या लोखंडाचा आकार बदलण्यासाठी जे काम लागते, ते येते कोठून? ते काम टळत नाही. हलका हातोडा घेतला म्हणून लोखंड आपल्यावर दया करत नाही. घाव कमी ताकदीचे घातले तर त्यांची संख्या वाढते. आपल्या हातात एवढेच असते की ते काम कोणाकडून करून घ्यायचे, म्हणजे खांद्याकडून, कोपराकडून, गुरुत्वाकर्षणाकडून, स्क्रूकडून, दुसऱ्या माणसाकडून की कोळशाकडून.

यातील सर्वांत दुर्लक्षित मजूर म्हणजे कोळसा. १० मिलिमीटर जाडीच्या साध्या सळईचा वीतभर लांबीचा तुकडा वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तो १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यासाठी सुमारे १०० किलोज्यूल उष्णता लागते. माझा एक बरा घाव फार तर २५ ज्यूलचा असेल. म्हणजे एका तावात, भट्टीत एकदा तापवताना, कोळसा त्या तुकड्यात जेवढी ऊर्जा भरतो, तेवढी हातोड्याने भरायची तर हजारो घाव लागतील. अर्थात ही तुलना सरळ नाही, कारण उष्णता आकार बदलत नाही, ती लोखंडाचा विरोध मोडते. पण तो विरोध किती मोडतो हे पाहण्यासारखे आहे. काळपट लाल झालेले लोखंड आणि पिवळे झालेले लोखंड यांत त्याला दाबण्यासाठी लागणारा जोर निम्म्याहूनही कमी होतो. लाल लोखंडावर ठोकत राहणे ही तरुण आणि घाईतल्या माणसांची सवय आहे. अजून थोडे चालेल, दोन घाव आणखी घालू, असे म्हणत सळई जवळजवळ काळी होईपर्यंत ती ठोकली जाते आणि त्या शेवटच्या घावांनी आकार फारसा बदलत नाही, फक्त धक्का मनगटातून वर चढतो.

आता माझा नियम कडक आहे. पिवळा रंग नारंगीवर आला की हात धीमा करायचा, आणि लाल दिसू लागला की सळई भट्टीत परत जाते, मग काम कितीही थोडे उरलेले असो. यामुळे एका आकड्याला पूर्वीपेक्षा जास्त ताव लागतात आणि कोळसा अधिक जळतो. जळू दे. भट्टीला हाताने फिरवायचा पंखा होता तोही काढून लहान विजेचा ब्लोअर बसवला, कारण पंखा फिरवणे दिसायला हलके असले तरी तो तासभर फिरवणारा हात खांद्यालाच जोडलेला असतो. ब्लोअरचा तोटा असा की वारा आपोआप चालू राहतो आणि लक्ष दुसरीकडे गेले की सळईचे टोक ठिणग्या उडवत जळून जाते. पंख्याबरोबर माणूस थांबला की वाराही थांबत असे.

हातोड्याचे गणित थोडे वेगळे आहे. त्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दीड किलोचा हातोडा सेकंदाला ६ मीटर वेगाने आणला तर २७ ज्यूल होतात आणि ८०० ग्रॅमचा हातोडा ८ मीटर वेगाने आणला तर जवळजवळ तेवढेच, म्हणजे साडेपंचवीस ज्यूल होतात. हिशेब सारखाच दिसतो, खांद्याला मात्र तो सारखा नाही. जड हातोडा उचलताना आणि वर थोपवून धरताना खांद्याचे स्नायू राबतात, तर हलक्या हातोड्याचा वेग कोपर आणि मनगट यांच्यातून काढता येतो आणि दंड कुशीजवळ राहू शकतो. शिवाय हलका हातोडा ऐरणीवरून उडतो तो बऱ्यापैकी वर येतो आणि उचलण्याचे अर्धे काम ऐरणच करते. त्यासाठी ऐरण कडक पृष्ठभागाची आणि खाली घट्ट बसवलेली हवी. मऊ ओतीव बिडाची ऐरण घाव गिळून टाकते. रुळाचा तुकडा ऐरण म्हणून वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि रुळाचे पोलाद त्या कामाला उत्तम आहे यात वाद नाही, पण रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा भंगारवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय तो घरी आणू नये.

डाव्या हाताने ठोकायला शिकावे असेही अनेकांनी सुचवले. करून पाहिले. जेथे नेम महत्त्वाचा नाही तेथे ठीक आहे, बाकी पन्नाशीत डावा हात नव्याने शाळेत घालण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

खरा बदल झाला तो बसण्यामुळे, आणि ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकले नाही. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी कुटुंबे विळे, खुरपी आणि कोयते शेवटायला, म्हणजे झिजलेली धार तापवून पुन्हा काढून द्यायला बसतात. उसाचा हंगाम तोंडावर आला की त्यांच्याकडे कोयत्यांचा ढीग पडतो. लहानपणापासून हे दृश्य पाहिलेले होते, पण खांदा दुखू लागल्यावर मी ते पहिल्यांदा अभियंत्याच्या नजरेने पाहिले. त्यांची ऐरण जमिनीत पुरलेल्या ओंडक्यात ठोकलेली असते आणि तिचा माथा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतो. कारागीर तिच्यासमोर उकिडवा किंवा मांडी घालून बसतो, डाव्या हातात सांडस आणि उजव्या हातात लहान हातोडा. बसलेल्या माणसाला हातोडा उचलायला मुळात उंचीच कमी मिळते, त्यामुळे त्याचा दंड खांद्याच्या पातळीला जातच नाही, घाव कोपरातून येतो. मोठे काम समोर आले की त्याची बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण घेते आणि तो लहान हातोड्याने जेथे टिचकी मारेल तेथे तिचा घाव पडतो. जागा, तिरकसपणा आणि थांबण्याची वेळ तो ठरवतो, जोर तिचा असतो. लोखंडाला लागणारे काम येथे दोन शरीरांत आणि दोन पवित्र्यांत वाटलेले आहे, आणि कौशल्य व ताकद एकाच हातात असावीत असा हट्ट कोठेच नाही.

त्यांच्यापैकी एका ताईंजवळ मी माझ्या खांद्याची गोष्ट काढली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमचा बी दुखतो की. रातच्याला त्याल चोळायचं आनि सकाळी घण उचलायचा.” त्यांच्या खांद्याचा एमआरआय कोणी काढलेला नाही, विश्रांती घ्या असे त्यांना सांगणारे कोणी नाही, आणि कोणी सांगितले असते तरी त्या दिवसाची मजुरी कोण देणार हा प्रश्न होताच. माझ्या दुखापतीविषयी जे काही मी येथे लिहीत आहे ते सर्व, ज्याला नाही म्हणता येते अशा माणसाचे लोहारकाम आहे. त्यांच्या कामाचा पवित्रा मी उचलला, त्यांची परिस्थिती मला उचलावी लागली नाही, एवढी नोंद केल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

तर मी ऐरण खाली आणली. जमिनीवर बसणे गुडघ्यांना मानवत नसल्यामुळे सुतारांकडून एक बुटका, रुंद बैठकीचा चौरंग करून घेतला आणि ऐरणीचा माथा बसल्यावर मांडीच्या किंचित खाली राहील असा ओंडका कापून घेतला. बसून काम करताना तापलेल्या लोखंडावरून सुटणारी खपली मांडीवर उडते आणि पटकन उठता येत नाही, म्हणून चामड्याचा लांब एप्रन आणि पायात बंद बूट हे आता सोयीचे राहिले नसून सक्तीचे झाले आहेत. डोळ्यांवर चष्मा पूर्वीही होता. भट्टीही खाली घ्यावी लागली, कारण ऐरण खाली आणि भट्टी कमरेएवढी उंच असली तर प्रत्येक तावाला सळई उचलून खाली आणावी लागते आणि ते उचलणे पुन्हा त्याच मधल्या टप्प्यात येते. कामाच्या जागेची उंची बदलायची तर सगळ्या जागेची बदलावी लागते.

या सर्वांच्या आधी हातोडा पूर्ण बंद असलेला काही महिन्यांचा काळ होता, त्याविषयी थोडे सांगायला हवे. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो आणि ती स्नायूपेक्षा फार सावकाश सावरते, त्यामुळे दुखणे थांबले म्हणजे चीर भरली असे होत नाही. फिजिओथेरपीत आधी हात लोंबता ठेवून हलवणे, मग कोपर कुशीला लावून रबरी पट्टा बाहेरच्या दिशेने ओढणे, मग पाठीच्या खवाट्यांचे व्यायाम, असा क्रम होता. हे व्यायाम कंटाळवाणे असतात हे कोणी सांगत नाही. पण कोपर कुशीला लावून केलेल्या त्या एका व्यायामाने मला हातोड्याचा नवा घाव शिकवला, कारण ते दोन्ही जवळजवळ एकाच स्थितीतून सुरू होतात. या काळात सराव तुटू नये म्हणून मी प्लॅस्टिसिन वापरले. तापलेला धातू दाबाखाली कसा वाहतो हे दाखवण्यासाठी प्रयोगशाळेत प्लॅस्टिसिनचे नमुने वापरण्याची पद्धत जुनी आहे आणि मुलांच्या खेळातील ही रंगीत माती लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकली तर ती बरीचशी तापलेल्या लोखंडासारखी वागते. हातोड्याच्या निमुळत्या बाजूने दाबले तर ती एकाच दिशेला लांबते आणि सपाट तोंडाने दाबले तर चहूकडे पसरते. कमी घावांत काम कसे संपवायचे हे मी त्या मातीवर शिकले. पूर्वी जेथे मी सळई नुसती सपाट तोंडाने झोडपून लांबवत असे, तेथे आता ऐरणीच्या गोल कडेवर अर्धा घाव टाकून ती लांबवते आणि शेवटी सपाट करून घेते. कमी रुंदीवर तोच जोर पडला की लोखंड लवकर हलते. हे मला ठाऊक होते आणि वर्गात शिकवतही होते, तरी ताकद असताना त्याची गरज भासली नव्हती.

जड काम आले की माझ्या नवऱ्याला घण उचलावा लागतो. तो बँकेत आहे आणि त्याला लोखंडात काडीचाही रस नाही, त्यामुळे तो उत्तम घणकरी ठरला आहे, कारण तो स्वतःचे डोके चालवत नाही. बाजारातील जोडप्याची वाटणी आमच्याकडे उलटी झाली आहे, मी बसून सांडस धरते आणि तो उभा राहून ठोकतो. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. माझ्या हातोड्याची टिचकी लोखंडावर पडली की त्याच जागी घाव, हातोडा ऐरणीच्या रिकाम्या भागावर वाजला की थांबायचे, आणि तोंडाने ‘थांब’ म्हटले की हवेतला घणसुद्धा बाजूला जमिनीवर उतरवायचा. सुरुवातीला तो घण डोक्यावरून गोल फिरवायचा, सिनेमातल्यासारखा. ते बंद केले. घण सरळ उचलून त्याच्या वजनाने पडू द्यायचा आणि हाताने केवळ दिशा द्यायची, एवढेच पुरते. घरात दोन फाटके खांदे परवडणार नाहीत.

नवरा नसेल तेव्हा काही साधी साधने हाताशी येतात. सांडशीच्या दांड्यांवर सरकवायची लोखंडी कडी हे त्यांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन आहे. कडी पुढे सरकवली की सांडस आवळलेली राहते आणि डाव्या हाताची मूठ सैल सोडता येते. मूठ घट्ट आवळली की दंड आणि मानेपर्यंतचे सगळे स्नायू ताठतात, हे स्वतःवर करून पाहता येईल. दुसरे साधन म्हणजे पट्टी वाकवून केलेला स्प्रिंगचा चिमटा, ज्याच्या दोन टोकांना गोल सळईचे तुकडे जोडलेले असतात. तो ऐरणीच्या चौकोनी भोकात बसवला, तापलेली सळई त्याच्या मध्ये ठेवली आणि वरून घाव घातला की दोन्ही बाजूंनी एकदम खाच पडते, अर्ध्या घावांत काम होते. तिसरे साधन गॅरेजमध्ये बेअरिंग काढायला वापरतात तो हाताने पंप करायचा हायड्रॉलिक प्रेस. तो सावकाश चालतो आणि तेवढ्यात सळई थंड होऊ लागते, म्हणून लांबवण्यासाठी तो निरुपयोगी आहे, पण जाड पट्टी एका दाबात वाकवायला किंवा ठशात दाबायला चांगला. पंप डाव्या हाताने करता येतो.

पॉवर हॅमर, म्हणजे यंत्राने चालणारा हातोडा घ्या, असे सुचवणारे पुष्कळ आहेत. माणसाच्या खांद्याला न झेपणारे काम यंत्राकडे देण्याचा इतिहास मोठा आहे. जेम्स नेस्मिथ याने वाफेवर चालणारा हातोडा कागदावर रेखाटला तो ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाच्या प्रचंड दांड्यासाठी, जो त्या वेळच्या कोणत्याही हातोड्याखाली घडवता येत नव्हता, आणि १८४२ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. पण माझ्या अंगणाच्या भिंतीपलीकडे लोक दुपारी झोपतात, जमीन भरावाची आहे आणि मला जहाज बांधायचे नाही.

काय सोडले तेही सांगते. कुऱ्हाड, कुदळ आणि पहारीचे टोक ही कामे सोडली. थरांवर थर जोडून नक्षीदार पोलाद करण्याचा विचार होता, तो सोडला, कारण त्यात जोडलेला ठोकळा पुन्हा पुन्हा लांबवून दुमडावा लागतो आणि त्याला एकट्याने हाताने करण्याचा कोणताही सोपा मार्ग नाही. सळईची जाडीही खाली आणली. १६ मिलिमीटरच्या सळईचा छेद १० मिलिमीटरच्या सळईच्या अडीचपटीहून जास्त असतो, म्हणजे तेवढे जास्त लोखंड हलवायचे असते. त्यामुळे आता ८ आणि १० मिलिमीटरच्या सळया, पातळ पट्ट्या आणि त्यांतून होणाऱ्या वस्तू, म्हणजे भिंतीचे आकडे, कडीकोयंडे, उलथणी, समईची साखळी अडकवायचे हूक, बागेतली खुरपी. बारीक सळई लवकर थंड होते हा तिचा दोष आहे, पण वर सांगितलेल्या नियमाशी तो जुळतो, चार-सहा घाव आणि परत भट्टीत. दरम्यान खांदा विसावतो.

आणि एक गोष्ट वाढली, ती म्हणजे पाणी देण्याचे काम. धारेच्या हत्याराचा जीव त्यात असतो आणि त्याला खांदा लागत नाही, नजर लागते. ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेली छन्नी तापवत नेली की साधारण ७७० अंशांजवळ ती चुंबकाला चिकटेनाशी होते, त्याच्या थोडे वर नेऊन ती तेलात बुडवायची. पाण्यात बुडवली तर ते पोलाद तडकू शकते. त्यानंतर ती काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि पुन्हा हळूहळू तापवायची. त्या चकाकीवर आधी फिकट गवती रंग येतो, २२० ते २३० अंशांच्या आसपास, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा. धारेला गवती रंग आणि ठोकण्याच्या डोक्याला निळा रंग यावा अशा बेताने ताप सरकवत नेणे ही तासभर खिळवून ठेवणारी गोष्ट आहे. पूर्वी मी हे काम घाईने, ठोकण्याच्या नंतरचा उपचार म्हणून उरकत असे. आता ओळखीचे सुतार त्यांच्या पटाशा माझ्याकडे याच कामासाठी पाठवतात, घडवायला कोणी पाठवत नाही.

फिजिओथेरपिस्टनी भट्टीवरचे माझे काम व्हिडिओवर पाहायला मागितले, ते मला फार आवडले. त्यांना ऐरण पाहायची नव्हती, कोपर पाहायचे होते. ते कुशीपासून दूर जाऊ लागले की मी थकले आहे असे समजून थांबायचे, असे त्यांनी सांगितले आणि ही खूण दुखण्याच्या आधी येते. दुखण्याविषयीचा त्यांचा निकषही साधा आहे. काम करताना किंचित जाणवले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खांदा पूर्वीइतका शांत झाला पाहिजे, आणि रात्री त्या कुशीवर वळल्यावर कळ येऊन जाग आली तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे धरायचे. मी कॅलेंडरवर खुणा करते. पावसाळ्यात भट्टी कमी पेटते हे एका परीने बरेच आहे.

कंडरा पूर्ण तुटलेली असेल, हात उचलताच येत नसेल किंवा शस्त्रक्रियेचे टाके अजून ताजे असतील, तर यातले काहीही लागू पडत नाही. माझी चीर अर्धवट आहे आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे. ताकद कमी होताना दिसली तर तो पुन्हा निघेल, आणि मग हात झोळीत घालून काही आठवडे व त्यापुढे बरेच महिने भट्टीला सुट्टी.

तोपर्यंत एक काम हाती घेतले आहे. पायाने दाबायचा हातोडा, ज्यात पायटा दाबला की तरफेने जड डोके खाली येते आणि स्प्रिंग त्याला परत वर नेते. चौकटीसाठी चॅनेल मिळाले आहेत, स्प्रिंग जुन्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची घ्यायची आहे, आणि डोके किती किलोचे ठेवायचे यावर माझे आणि वेल्डिंगवाल्याचे एकमत होत नाही. तो तीस म्हणतो. मी वीसवर अडून आहे, कारण पायटा दाबणारा गुडघा माझा आहे.